ओली पत्ती

चाळीस वर्षं सतार वाजवली आणि आता तोंडावर सांगतो, मला सतार वाजवायची नव्हतीच. हे बोललो की लोक हसतात, म्हातारा चेष्टा करतोय म्हणतात. डोंबलाची चेष्टा! तारा छेडणाऱ्या कुठल्याही माणसाला एकटं गाठा आणि शपथ घालून विचारा, की बाबा रे, तुला खरं काय वाजवायचं होतं. आधी उडवाउडवी करील, मग कबूल होईल. बीडला माझ्याबरोबर एक जण शिकायला होता, त्याच्या मांडीवर सतार असायची आणि बोटं मात्र कायम पखवाजाची नाचायची. खुद्द आमचे उस्तादजी एकदा बोलता बोलता म्हणून गेले, की सारंगी शिकलो असतो तर जन्माचं चीज झालं असतं. पण सारंगी कोठ्यावरची, म्हणून त्यांच्या वडिलांनी ती हातात धरू दिली नाही. एवढा मोठा माणूस, साठीला आलेला, आणि हे सांगताना त्यांचा आवाज चिरकला.

मला सनई हवी होती.

कशासाठी, ते सांगतो. तार छेडली की सूर निघतो, आणि निघाल्यापासून विझायलाच लागतो. मिंड घ्या, बोट दाबून धरा, काय वाटेल ते करा, तो चालला म्हणजे चालला. मी जन्मभर असल्या जाणाऱ्या सुरांच्या मागं धावलो. सनईचं तसं नाही. दम आहे तोवर माणूस सूर धरतो, आणि पक्का शिकलेला असला तर दम संपल्यावरही धरतो, कारण तो नाकानं वारा आत घेत असतो आणि गालांतला वारा बाहेर सोडत असतो. एकच सूर, न तुटता, पार लग्नाचं वऱ्हाड पारापासून मांडवापर्यंत येईस्तोवर. लहानपणी मी तो ऐकायचो आणि जेवायचं विसरायचो.

पण आमचं घर पाटलाचं. केजच्या अलीकडचं गाव, गावाची पाटीलकी थोरल्या भावाकडं, आणि मी धाकटा. निजामाची राजवट, सगळा कारभार उर्दूत, म्हणून दादानं मला बीडला उर्दू शिकायला ठेवलं. घरातला एक माणूस कचेरीत असावा हा त्याचा हिशोब. सतार त्याच हिशोबातली. तालुकदार साहेबांना गाण्याबजावण्याचा शौक आहे असं दादानं कुठून तरी ऐकलं आणि मला हुकूम सोडला, की उर्दूबरोबर सतार पण शीक. म्हणजे माझ्या बोटांत सतार आली ती सरकारदरबारी वट असावी म्हणून. मला विचारतंय कोण!

उस्तादजींच्या घरी मी पाणी पीत नव्हतो. तो आमच्या घरचा दंडक. उन्हाळ्यात तीन-तीन तास रियाज करून घसा सुकला की उठून चौकातल्या विहिरीवर जायचो. त्यांना कळत होतं, ते कधी बोलले नाहीत. शिकून झाल्यावर सतार घेऊन गावी आलो तेव्हा आईनं उंबऱ्यातच तिच्यावर गोमूत्र शिंपडलं, आणि झालं, सतार घरात आली. लाकूड, तार, भोपळा, सगळं एका शिंतोड्यात शुद्ध. आमच्या लोकांचं डोकं हे असं चालतं. हाताचा विटाळ धुतला जातो, पण तोंडाचा नाही. म्हणून जे हातानं वाजतं ते आम्ही वाजवायचं, आणि जे तोंडानं वाजतं, थुंकीनं ओलं होतं, ते गावकुसाबाहेरच्यांनी वाजवायचं आणि आम्ही लांबून ऐकायचं. त्याच्याशिवाय आमची लग्नं मात्र लागत नाहीत बरं का.

आमच्या गावात सनई वाजवायचा तो मांगवाड्यातला म्हातारा. म्हातारा म्हणतो, पण तेव्हा पन्नास-पंचावन्नचा असेल. काटकुळा, गाल आत गेलेले, आणि सनई तोंडाला लावली की तेच गाल एवढे फुगायचे की डोळे दिसेनासे व्हायचे. गावातलं एकही लग्न त्याच्याशिवाय लागलेलं मला आठवत नाही. लिंबागणेशाच्या यात्रेला सुद्धा लोक त्याला मुद्दाम बोलावून नेत. त्याचा मुलगा मागं दुसरी सनई घेऊन नुसता सूर धरायचा आणि बाप त्या सुरावर चाल वाजवायचा.

दादाच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा मी केजच्या कचेरीत कारकून होतो. सुट्टी काढून गावी आलतो. मांडवात गाद्या घातल्या, कचेरीतले साहेब लोक लोडाला टेकून बसले, आणि दादानं मला सतार घेऊन पुढं बसवलं. बाहेर उन्हात सनई चालली होती. दादानं माणूस पाठवून ती बंद करायला सांगितली, का, तर पाटलाचा भाऊ सतार वाजवणार. सनई थांबली. मी वाजवलं. साहेब लोकांनी पान खात खात वाहवा केली, आणि एक जण तर वाहवा म्हणता म्हणता शेजाऱ्याशी बैलांच्या भावावर बोलत होता. मी मान खाली घालून वाजवत राहिलो.

मग नवरदेव पारावरून निघाल्याचा सांगावा आला आणि बाहेर सनई पुन्हा सुरू झाली. मी सतार खाली ठेवली आणि मांडवाच्या कडेला जाऊन उभा राहिलो. म्हातारा एकटाच होता. मागं सूर धरणारं कोणी नव्हतं. तो चाल घ्यायचा आणि मधेच खाली येऊन मूळ सुराला हात लावून यायचा, पुन्हा वर जायचा, पुन्हा खाली. दोघांचं काम एका छातीवर. मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. वऱ्हाडातल्या कोणाला त्याचं काही नव्हतं, मला मात्र उभ्या उभ्या घाम फुटला.

पंगती उठल्यावर तो कुंपणापाशी बसून जेवत होता. त्याला वरून वाढलेलं, लांबून. मी जाऊन विचारलं, की मुलगा कुठं आहे. मुलगा सोलापूरच्या गिरणीत गेला होता, बायकापोरांसकट, आणि परत येणार नव्हता. तिथं पोटभर मिळतं आणि कोणी उन्हात उभं करत नाही, असं त्यानं बापाला सांगून टाकलं होतं.

"सूर धरायला मानूस न्हाई, मालक," म्हातारा म्हणाला. "चाल म्हंजी पोरगं. ते हुंदडनारच. पन घरी कुनी वाट बघत बसलेलं असलं, तरच त्याच्या हुंदडन्यात मजा हाय."

सतरा पुस्तकं वाचून मला हे कळलं नव्हतं. मी तिथंच म्हणालो, मला शिकव, मी धरतो सूर.

तो हसला आणि जेवायला लागला. चार दिवसांनी पुन्हा विचारलं तर मालक थट्टा करतात म्हणाला. तिसऱ्या वेळेला मी आमच्या मळ्यातल्या विहिरीवर त्याला बोलावून घेतलं, आणि तिथं तो हसला नाही. त्यानं मला त्यांच्यातली रीत सांगितली. सनईच्या तोंडाला गवताची पत्ती असते, दुहेरी, बारीक नळीवर दोऱ्यानं बांधलेली. सगळा आवाज तिच्यात. नवी पत्ती बोलत नाही. शिकवणारा ती महिनाभर रोज स्वतःच्या तोंडात धरतो, ओली करतो, फुंकतो, हळूहळू ती उघडते. आणि उघडली की स्वतःच्या ओठातून काढून तशीच शिकणाऱ्याच्या ओठात देतो. मधे सुकली की पुन्हा मिटते आणि सगळी मेहनत वाया. त्याला त्याच्या बापानं अशी दिली होती, त्यानं मुलाला अशीच दिली होती.

"आमच्यात पत्ती ओली देत्यात आन ओली घेत्यात," तो म्हणाला. "तुमी घ्याल का?"

"घेईन की," मी म्हणालो.

किती पटकन म्हणालो! एका श्वासात. पत्ती अजून सहा महिने लांब होती, म्हणायला माझं काय जात होतं?

आषाढात सुरुवात केली. मी दर आठवड्याला केजहून यायचो, सकाळी मळ्यात जायचो, तो विहिरीपाशी बसलेला असायचा. पहिले दिवस सनई बघायची सुद्धा नाही. वाटीत पाणी घ्यायचं, त्यात गव्हाची पोकळ काडी धरायची आणि फुंकायचं. बुडबुडे थांबता कामा नयेत. श्वास घ्यायचा तो नाकानं, गालातला वारा सोडत असतानाच. माझी वाटी पितळेची, त्याची मातीची, दोघांत हातभर अंतर. पहिला महिना मी नुसता ठसकत होतो, नाकात पाणी, डोळ्यात पाणी, आणि तो शांतपणे म्हणायचा, पुन्ना. घरी बायको माझे फुगलेले गाल बघून हसायची. म्हणायची, कचेरीत साहेबानं विचारलं की बोलायचं सोडून बुडबुडे काढाल.

आणि भादव्यात एका सकाळी ते जमलं. बुडबुडे सुरू झाले आणि थांबेचनात. मी थांबायचं ठरवीपर्यंत थांबले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडून काही तरी न तुटता चाललं होतं. म्हाताऱ्यानं काही कौतुक केलं नाही. त्यानं फक्त आपली सनई काढली आणि माझ्या बुडबुड्यांच्या आवाजावर चाल वाजवली. हो, बुडबुड्यांवर! त्याला तेवढं सुद्धा पुरत होतं, इतका तो सुराला भुकेलेला होता. मला रडू आलं, आणि रडतानाही मी फुंकणं सोडलं नाही.

आता जे सांगतो त्याचा मला आजही संताप येतो. या सहा महिन्यांत मी त्याला "तू" म्हणत होतो. बापाच्या वयाचा माणूस, माझा गुरू, आणि मी म्हणायचो, बस रे, आलास का रे, उद्या लवकर ये. बीडला उस्तादजींसमोर मी पाठ दाखवून उठत नव्हतो. आणि हा मला मालक म्हणायचा, तुमी म्हणायचा, चुकलं तर "माफ करा, पन पुन्ना घ्या" म्हणायचा. तेव्हा मला यात काही वावगं दिसलंच नाही. उलट वाटायचं, मी केवढा मोठ्या मनाचा, पाटलाचा भाऊ असून याच्याकडून शिकतोय. थू!

दिवाळीनंतर, ज्वारी निसवली होती तेव्हा, त्यानं पत्ती आणली. येताना बोलत नव्हता, गालात धरली होती. माझ्या समोर बसला, दोन बोटांनी तोंडातून काढली आणि तळव्यावर ठेवून पुढं केला हात. उन्हात ती ओली पत्ती चमकत होती. महिनाभर त्यानं ती तोंडात वागवली होती, माझ्यासाठी.

मला किळस आली असती तर मी स्वतःला माफ केलं असतं. माणसाच्या पोटाचं माणसाच्या हातात नसतं. पण किळस नव्हती, हो. माझे ओठ तयार होते. मला ती हवी होती. आणि तरी माझ्या हातानं उपरण्याचा शेव पुढं केला आणि ती पत्ती त्यात घेतली. मी म्हणालो, आज एकादशी आहे, उपास मोडेल, उद्या लावतो. एकादशी होती हे खरं. पण मी सकाळी घरून चहा आणि भगर हाणून आलतो, माझ्या उपासाला काय धाड भरली होती?

तो रिकामा हात मागं घेऊन उठला. मग म्हणाला, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, सुकू देऊ नका. आणि गेला.

घरी आलो आणि मला वाटलं, मी लई शहाणा आहे. दोन्ही बाजू सांभाळायची युक्ती मला सुचली होती. आईनं सतारीला केलं तेच करायचं. मी ती पत्ती वाटीत घातली, वर गोमूत्र ओतलं, मग ऊन पाणी, मग देवघरातल्या गडूतलं गंगेचं पाणी दोन थेंब, आणि तुळशीच्या कट्ट्यावर कडक उन्हात वाळत ठेवली. दादाला कळलं तरी बोट दाखवायला जागा नको. आता ती कोणाच्या तोंडातली नव्हती, शुद्ध होती. मी खूश होतो. खरंच सांगतो, खूश होतो.

बायको आली, बघितलं, काय धुताय विचारलं. मी सांगितलं. 

"घ्यायची व्हती तर तशीच घ्यायची," ती म्हणाली. "न्हाई तर न्हाई म्हनायचं. हे काय केलंत तुमी?"

मी तिला चुलीपुढं जा म्हणालो. खरं ऐकायची सवय नव्हती मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यात गेलो. म्हातारा आधीच आलेला, आणि त्यानं बरोबर मुलाची सनई आणली होती, माझ्यासाठी, तेल लावून पुसलेली. मी पत्ती काढली, नळीवर बसवली, ओठात धरली आणि फुंकलं. नुसता वारा. पुन्हा फुंकलं. फुस्. सहा महिन्यांचा दम छातीत भरून उभा होतो आणि समोर फुस्. काढून बघितली तर पत्ती मधोमध चिरलेली, आणि कडा आत वळून घट्ट मिटलेल्या.

त्यानं ती माझ्या हातातून घेतली. उन्हात धरून बघितली. मग नाकाशी नेली.

तो वास जातो होय? चार पाण्यांनी धुतला तरी जात नाही. त्याला कळलं. त्याच्या तोंडावर रागबीग काही आलं नाही, आला असता तर बरं झालं असतं. त्यानं पत्ती कोपरीच्या खिशात ठेवली आणि मुलाची सनई फडक्यात गुंडाळायला लागला. मी म्हणालो, फक्त शुद्धी केली रे, बाकी काही नाही. तो गुंडाळतच होता. मी म्हणालो, दुसरी कर, या खेपेला ओली घेतो, शपथ घेतो.

"दुसरी करता यील," तो म्हणाला. "पन म्या न्हाई करनार."

"कावून?"

 त्यानं फडक्याला गाठ मारली.

आणि मग माझ्यातला पाटील उठला. ज्याचं चुकलं तो मी, आणि चिडलो पण मीच. मी ओरडलो, की माजलास का रे, आमच्या दारात वाजवून पोट भरतोस आणि मला नाही म्हणतोस, तुझी लायकी काय. आणखी पण बोललो, ते लिहायला माझा हात उचलत नाही. तो खाली मान घालून ऐकत उभा राहिला. माझं संपलं तेव्हा वाकून रामराम केला आणि बांधाबांधानं निघून गेला. शेजारच्या रानात बायका खुरपत होत्या, त्यांनी खुरपी थांबवून सगळं ऐकलं.

दिवस मावळायच्या आत गावभर झालं, की त्यानं आपली उष्टी सनई पाटलाच्या भावाच्या तोंडाला लावली. सकाळी दादानं चावडीवर बोलावलं. पाच-सहा म्हातारे पाटावर बसलेले, दादा लोडाला टेकून, आणि तो खाली अंगणात उन्हात उभा, हात जोडून. गाव भडकलेलं होतं. त्याचं सनईचं काम काढून घ्या म्हणत होते, गावातून घालवा म्हणत होते. त्याच्या घरात त्याची बायको होती, ते दोघंच, आणि जायचं म्हणजे मुलाच्या चाळीत सोलापूरला, जिथं मुलालाच पाय पसरायला जागा नव्हती. हे सगळ्यांना माहीत होतं.

दादानं मला विचारलं, "त्याच्या तोंडातली पत्ती तुझ्या तोंडाला लागली का? खरं सांग."

आता बघा. मी काय म्हणायला हवं होतं? मीच त्याच्या मागं लागलो, मीच तीनदा विनवलं, तो माझा गुरू आहे, आणि त्यानं दिली ती मी घ्यायला हवी होती, असं म्हणायला हवं होतं. फार तर काय झालं असतं? मला प्रायश्चित्त घ्यावं लागलं असतं, मुंडण, पंचगव्य, गावजेवण. केस परत येतात. पण माझी जीभ दुसरंच बोलली. मी म्हणालो, छे, तशी कशी लावीन? घरी नेऊन गोमूत्रानं धुतली, गंगेच्या पाण्यात घातली, तुळशीपाशी वाळवली, मगच तोंडाला लावली.

चावडीवर एकदम सुटल्यासारखं झालं. म्हातारे हसले. एक जण म्हणाला, शिकलेला माणूस, चुकायचा नाही. दादानं माझ्या पाठीवर थाप मारली. दादानं माझ्या पाठीवर आयुष्यात दोनदा थाप मारली असेल, त्यातली ही एक. मग उदार होऊन त्याला म्हणाला, जा रे, तुझा काही गुन्हा नाही, काम तुझ्याकडंच राहील.

म्हाताऱ्यानं जोडलेले हात सोडले. पाटलाकडं नाही, माझ्याकडं बघितलं, सहा महिन्यांत पहिल्यांदा डोळ्याला डोळा लावून.

"गुन्हा हाय, पाटील," तो म्हणाला. "म्या वली दिली."

दादाला वाटलं तो कबुली देतोय, तो आणखी जोरात हसला आणि बरं बरं, पुन्हा करू नकोस म्हणाला. चावडीवर एकट्या मला कळलं, की तो कोणाला काय म्हणाला.

त्यानंतर तो आणखी नऊ वर्षं वाजवत होता. त्यानं दुसऱ्या कोणाला शिकवलं नाही. आमच्या घरच्या पुढच्या लग्नाला आला, ठरल्या जागी उन्हात उभा राहिला आणि एकट्यानं वाजवलं. चाल घेऊन वर जायचा, दम तुटायचा, खाली येऊन सुराला हात लावायचा, पुन्हा वर जायचा. दम आता पहिला राहिला नव्हता. वर गेला की खाली यायला उशीर व्हायचा, आणि तेवढा वेळ नुसती पोकळी. त्याच्या कमरेला दुसरी सनई खोचलेली होती. त्यानं माझ्याकडं बघितलं असं मी म्हणणार नाही, ती सनई माझ्यासाठी आणली होती असंही म्हणणार नाही. मी ओट्यावर उभा होतो. छातीत दम होता, सूर कुठला धरायचा ते माहीत होतं, आणि खाली उतरायला तीन पायऱ्या होत्या. दादा मांडवात पाहुण्यांत होता, बायको घरात होती. मला कोणी धरलं नव्हतं.

मी उतरलो नाही.